गाव बदललं म्हणजे नेमकं काय बदललं?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

समाजशास्त्रात किंवा राज्यशास्त्रात एम. ए. करणाऱ्या मुलाला घरी एक प्रश्न हमखास विचारला जातो. ‘हे करून पुढे काय?’ गेली बरीच वर्षं मी नगर जिल्ह्यात पदव्युत्तर वर्गांना शिकवतो आहे आणि प्रवेशाच्या दिवसांत पालक हा प्रश्न मलाही विचारतात. त्यांचं चुकतं असं मी म्हणणार नाही. वर्गातली बरीच मुलं स्पर्धा परीक्षेच्या तयारीत असतात. एम. ए. म्हणजे त्या काळात वसतिगृहाची खोली आणि ग्रंथालयाचं कार्ड मिळवून देणारी सोय, असा त्यांचा हिशेब असतो. नोकरीचा प्रश्न खरा आहे आणि त्यावर माझ्याकडे तोडगा नाही. आज मला बोलायचं आहे ते त्याच्या आधीच्या प्रश्नाबद्दल. या दोन वर्षांत करायचं तरी काय असतं?

विद्यापीठाच्या पुस्तिकेत या विषयाला ‘समकालीन समाजातील सामाजिक आणि राजकीय परिवर्तन’ असं काहीतरी भारदस्त नाव असतं. आत आधुनिकीकरण, संस्कृतीकरण, अभिजन, सामाजिक चळवळी अशा शब्दांची रांग. मुलं ते शब्द पाठ करतात आणि उत्तर लिहून मोकळी होतात. पण हाच विषय पारावर बसलेली माणसं रोज बोलत असतात. ‘गाव पार बदललं हो’ हे वाक्य तुम्ही कितीदा ऐकलं असेल! मग विचारून बघा, म्हणजे काय बदललं? एक जण म्हणेल, सिमेंटचे रस्ते झाले. दुसरा म्हणेल, पोरं ऐकत नाहीत. तिसरा म्हणेल, पूर्वी निवडणुकीत एवढा पैसा नव्हता. यातलं प्रत्येक विधान खरं असू शकतं आणि खोटंही. ‘पूर्वी’ म्हणजे कधी? ‘पोरं’ म्हणजे कोणाची? पैसा नव्हता, की बोलणाऱ्याला तो दिसत नव्हता? पदव्युत्तर अभ्यास सुरू होतो तो या उलटतपासणीपासून.

त्यातला सगळ्यात अवघड शब्द ‘पूर्वी’. बदल मोजायचा तर आधीची मोजणी हाताशी हवी. पुण्याजवळचं पिंपळे सौदागर आज उंच इमारतींमुळे ओळखलं जातं. पण पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य हॅरॉल्ड मान यांनी याच गावाचा घरोघर फिरून अभ्यास केला आणि १९१७ साली तो छापला. कोणाकडे जमीन किती, ती किती तुकड्यांत विखुरलेली, डोक्यावर कर्ज किती, हे सारं त्यात आहे. त्याच्या दोन वर्षं आधी, १९१५ साली, महसूल खात्यात नोकरी केलेल्या त्रिंबक नारायण आत्रे यांचं ‘गावगाडा’ आलं. बलुतेदारी कशी चालायची हे पाहायला मराठी वाचकाला त्याच्याइतकं जवळचं पुस्तक दुसरं नाही. या दोघांनी त्या वेळी लिहून ठेवलं म्हणून आज आपण ‘पूर्वी’ हा शब्द थोड्या भरवशानं वापरू शकतो.

पुन्हा त्याच ठिकाणी जाऊन मोजण्याचं जगभर गाजलेलं उदाहरण अमेरिकेतलं आहे. रॉबर्ट आणि हेलन लिंड या जोडप्यानं इंडियाना राज्यातल्या मन्सी नावाच्या मध्यम शहराचा अभ्यास केला आणि १९२९ साली पुस्तक काढलं. शहराला त्यांनी ‘मिडलटाउन’ असं टोपणनाव दिलं. त्यानंतर महामंदी आली, बँका बुडाल्या, लोक बेकार झाले. आता हे शहर मुळापासून हललं असेल असं कोणालाही वाटेल. त्यामुळे ते पुन्हा गेले आणि १९३७ साली दुसरं पुस्तक आलं. त्यात दिसलं ते असं, की लोकांचे मूळ विचार आणि श्रद्धा फारशा बदललेल्याच नव्हत्या. ‘बदल झाला नाही’ हाही अभ्यासाचा निष्कर्ष असू शकतो, हे आमच्या मुलांना पटवायला मला पुष्कळ वेळ लागतो. त्यांना वाटतं, बदल सापडला नाही तर प्रबंध नापास होईल.

आता आपल्या जिल्ह्याकडे वळू. २०२४ पासून त्याचं अधिकृत नाव अहिल्यानगर आहे. मात्र जुने अहवाल शोधायचे तर ते ‘अहमदनगर’ या नावाखालीच सापडतात, हे विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावं. क्षेत्रफळानं राज्यातला सगळ्यात मोठा जिल्हा, तालुके चौदा, आणि त्यात जणू दोन वेगळे मुलूख. विसाव्या शतकाच्या पहिल्या पंचवीसेक वर्षांत गोदावरीचे कालवे झाले, १९२६ साली भंडारदऱ्याचं धरण पुरं झालं आणि प्रवरेचं पाणी कालव्यांना बारमाही मिळू लागलं. कोपरगाव, राहाता, श्रीरामपूर, राहुरी या बाजूला ऊस उभा राहिला. सासवडकडचे माळी बागायतदार कालव्याच्या पाण्यामागं इकडे आले. हरिगावला बेलापूर कंपनीचा खासगी साखर कारखाना चालू लागला. दक्षिणेकडे जामखेड, कर्जत, पाथर्डीला मात्र आभाळाकडे बघणं चुकलं नाही.

या कालव्यांवर सरकारचा खर्च खूप झाला होता आणि पाणीपट्टीतून तो निघत नव्हता. मग प्रश्न उभा राहिला, की पाणीपट्टीपलीकडे या पाण्यानं लोकांना काय दिलं? तो हाती घेतला पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेनं. संस्था १९३० साली स्थापन झालेली, संचालक धनंजयराव गाडगीळ. गोदावरी आणि प्रवरा कालव्यांचे प्रत्यक्ष आणि अप्रत्यक्ष फायदे मोजणारा त्यांचा अहवाल १९४८ साली प्रसिद्ध झाला. पद्धत ऐकायला साधी वाटते. पाण्याखालचा भाग आणि तसाच पण कोरडवाहू भाग शेजारी शेजारी ठेवायचे आणि फरक मोजायचा. पण त्यासाठी खेडोपाडी जाऊन कुटुंबामागून कुटुंब मांडावं लागतं. नदीच्या या काठावरचं आणि त्या काठावरचं आयुष्य कोणी इतक्या शिस्तीनं तोलून पाहिलेला जिल्हा देशात विरळाच असेल.

पुढची गोष्ट तर सर्वांना ठाऊक आहे. लोणीचे विठ्ठलराव विखे पाटील यांनी शेतकऱ्यांचे भाग गोळा करून सहकारी साखर कारखाना उभा केला आणि त्याचे पहिले अध्यक्ष झाले ते हेच गाडगीळ. ३१ डिसेंबर १९५० रोजी गाळप सुरू झालं. कालव्याचा अभ्यास करणारा माणूस त्याच कालव्याच्या काठावरच्या कारखान्याचा अध्यक्ष होतो, हा योग पुन्हा सहसा येत नाही. समाजाचा अभ्यास करणाऱ्यानं समाजात हात घालावा की नाही, यावर आम्ही वर्गात तासन्‌तास वाद घालतो. तेव्हा मी फक्त लोणीचं नाव घेतो आणि गप्प बसतो.

कारखाने झाले, त्यांच्याभोवती शाळा, कॉलेजं, दूध संघ, बँका झाल्या. सत्तेची नवी केंद्रं तयार झाली. आता प्रश्न बदलला. इतकं राजकारण ज्यात आहे तो कारखाना नीट चालतो तरी कसा? या प्रश्नाचा माग काढायला १९६०च्या दशकात दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधून एक संशोधक कोपरगावला आला. बी. एस. बाविस्कर. खानदेशातल्या खेड्यात वाढलेले, मार्गदर्शक एम. एन. श्रीनिवास. ‘प्रभुत्वशाली जात’ ही आपण आज सहज वापरतो ती कल्पना या श्रीनिवासांचीच. बाविस्करांनी कारखान्याच्या निवडणुका, गटतट, मराठा आणि माळी बागायतदारांमधली चढाओढ जवळून पाहिली. सहकारी साखर कारखानदारीवरचं त्यांचं इंग्रजी पुस्तक १९८० साली आलं. त्यातून आणि त्यांच्या पुढच्या लेखनातून दिसणारी एक गोष्ट आजही दचकवते. गटबाजीनं कारखाना बुडतो, असं आपण गृहीत धरतो. पण कारखान्याच्या नफातोट्यावर सगळ्या सभासदांचं पोट असेल आणि विरोधी गट टपून बसलेला असेल, तर कारभारावर नजर राहते. राजकारणानं सहकार काही काळ सांभाळलासुद्धा.

हे विधान आज कितपत खरं आहे? १९९८ साली साखर उद्योगाचा परवाना रद्द झाला, खासगी कारखाने वाढले, राज्यातले कितीतरी सहकारी कारखाने आजारी पडले, काही विकले गेले. जिथं विरोधी गटच उरला नाही तिथं काय झालं आणि जिथं उरला तिथं काय झालं, ही तुलना करायला नगरच्या मुलाला दिल्लीहून येण्याची गरज नाही. तो सायकलवर जाऊ शकतो. अडचण वेगळीच आहे. त्याच्या तालुक्यावरची ही पुस्तकं इंग्रजीत आहेत आणि तो मराठी माध्यमाचा. राजेंद्र व्होरा, सुहास पळशीकर यांच्यासारख्या अभ्यासकांनी महाराष्ट्राच्या राजकारणावर मराठीत आवर्जून लिहिलं, ‘समाजप्रबोधन पत्रिके’सारखी नियतकालिकं चालली. तरी आमच्या मुलांच्या हाती शेवटी गाईडच पडतं. आपल्याच गावावर झालेला अभ्यास वाचता येऊ नये, यापरती लाजिरवाणी गोष्ट माझ्या मते या विषयात दुसरी नाही.

आणखी एक गोष्ट माझ्या ध्यानात यायला वर्गातल्या बाकांकडे बघावं लागलं. कालवे, कारखाना, सभासद, निवडणूक. या सगळ्या अभ्यासात बोलतो तो ऊस लावणारा. ऊस तोडणारा कडेला उभा असतो. ऊसतोड मजुरांवरचा सगळ्यात गाजलेला जुना अभ्यास आपल्याकडचा नाहीच. तो यान ब्रेमन या डच समाजशास्त्रज्ञाचा, १९७८ सालचा, गुजरातेत बारडोलीला खानदेशातून जाणाऱ्या मजुरांवरचा. आणि आपल्या जिल्ह्यात तर दोन्ही टोकं एकाच नकाशात आहेत. पाथर्डी, शेवगाव, जामखेडकडचा माणूस दसरा-दिवाळीनंतर घराला कुलूप लावून निघतो आणि उत्तरेकडे किंवा पश्चिम महाराष्ट्रात कोपी टाकून राहतो. आता त्या घरातलीही मुलं एम. ए.च्या वर्गात येतात. सभासदाचा मुलगा आणि तोडणीवाल्याची मुलगी एकाच बाकावर. विषय तोच, जिल्हा तोच. पण प्रश्न विचारणारा बदलला की प्रश्न बदलतो, हे मला तिथं कळलं.

काही वर्षांपूर्वी पाथर्डीकडच्या एका विद्यार्थिनीनं स्थलांतराचा विषय घेतला. सरकारी धर्तीवरची एक प्रश्नावली तिनं कुठूनशी मिळवली होती. तिसऱ्याच घरात ती अडली. ‘कुटुंबातील कमावत्या व्यक्ती किती?’ या प्रश्नाला उत्तर आलं, ‘एक कोयता.’ ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो, नवरा-बायको मिळून एक कोयता होतो. उचल कोयत्यावर मिळते, टनाचा हिशेब कोयत्यावर होतो, पैसे बहुधा नवऱ्याच्या हातात पडतात. पुढच्या रकान्यात, ‘पत्नीचा व्यवसाय’ यापुढे तीच बाई सांगत होती, ‘घरकाम’. पहाटे चारला उठून भाकरी थापायची, दिवसभर तोडायचं, मोळ्या बांधायच्या, डोक्यावर वाहून गाडी भरायची, परत येऊन चूल पेटवायची आणि कागदावर लिहायचं घरकाम! बाहेरच्या कोणी ते जसंच्या तसं उतरवून घेतलं असतं. ही मुलगी लहानपणी स्वतः कोपीत राहिलेली. ती म्हणाली, ‘मावशी, मोळी कोण बांधतं?’ आणि मग रकाना सोडून दिवसाचा हिशेब विचारू लागली. उठल्यापासून झोपेपर्यंत कोण काय करतं. तिचा अख्खा प्रबंध त्या एका प्रश्नातून निघाला.

अर्थात आपलं गाव ठाऊक असण्याचा फायदा असतो तसा जाचही असतो. तिच्या गावातला मुकादम तिच्या नात्यातला. घरावर त्याची उचल बाकी. प्रबंधात उचलीचं प्रकरण लिहायचं तर कोणाचं नाव, कोणती रक्कम, कोणता करार लिहायचा? बाहेरून आलेला अभ्यासक काम संपलं की गाडीत बसून जातो. हिला तिथंच राहायचं, भावाचं लग्न तिथंच व्हायचं. आम्ही गावाचं नाव बदललं, माणसांची बदलली, कारखान्याचंही गाळलं. तरीही तिचे वडील आठवडाभर माझ्याकडे येऊन बसत. त्यांना एवढंच हवं होतं, की सर, पोरीनं लिहिलेलं कुणाच्या हाती पडू नये. एका मुकादमावर बोट न ठेवता उचलीची रीत मांडायची कशी, हे तिला शिकवणं मला त्या वर्षीच्या सगळ्या तासांपेक्षा जड गेलं. शेवटी तिनं बारा घरांच्या उचलीचा हिशेब एकत्र मांडला, त्यामुळे कोणतंही एक घर ओळखू येईना आणि रीत मात्र स्पष्ट दिसू लागली.

टिपणं जपण्याबद्दल एक गोष्ट मी दर वर्षी सांगतो. श्रीनिवासांनी १९४८ साली म्हैसूरजवळच्या एका गावात राहून अभ्यास केला. १९७० साली अमेरिकेत स्टॅनफर्डला लिहायला बसले असताना तिथं आग लागली आणि कामाची टिपणं जळाली. त्यांनी आठवणीतून पुस्तक लिहिलं, ते १९७६ साली आलं आणि गाजलं. मुलं हसतात. मोबाईलमध्ये सगळं आहे म्हणतात. मग परीक्षेच्या महिन्यात कोणाचा तरी मोबाईल विहिरीत पडतो.

काही विषयांवर वर्गात बोलणं होतच नाही, हेही सांगितलं पाहिजे. २०१३ साली सोनई, २०१४ साली खर्डा, २०१६ साली कोपर्डी. या तीन गावांची नावं देशभर गेली. कोपर्डीनंतर त्याच वर्षी औरंगाबादपासून मराठा समाजाचे मूक मोर्चे सुरू झाले. त्या दिवसांत माझ्या वर्गात सगळ्या जातींची मुलं होती आणि जातीवरच्या तासाला कोणीही तोंड उघडत नव्हतं. टीव्हीवर रात्री सगळे बोलत होते, वर्गात दिवसा शांतता. अशा वेळी मी तास पुढे रेटला नाही. मुलांना आपापल्या गावात कोणाच्या लग्नात कोण जेवतं, पाणी कुठून भरतं, जमीन कोणी कोणाला वाट्यानं देतं, एवढंच टिपून आणायला सांगितलं. घटनेवर मत मागितलं की माणूस आपल्या बाजूला जाऊन उभा राहतो. पंगतीबद्दल विचारलं की बोलतो. आलेल्या वह्या मी अजून जपल्या आहेत. त्यांत टीव्हीवर नव्हतं असं बरंच काही आहे.

विषयांना इथं तोटा नाही. राळेगणसिद्धी आणि हिवरे बाजारवर अनेकांनी लिहिलं, आता तिथं आणखी एका प्रबंधाची गरज मला वाटत नाही. त्यापेक्षा शेजारच्या, पुरस्कार न मिळालेल्या गावात पाणलोटाची कामं का थांबली ते बघा. जामखेडला आरोळे दांपत्यानं १९७० साली सुरू केलेल्या आरोग्य प्रकल्पात अक्षरओळख नसलेल्या बायका गावाच्या आरोग्यसेविका झाल्या. त्यांच्या नाती आज काय करतात? २०११ पासून राज्यात स्थानिक संस्थांत महिलांना निम्म्या जागा आहेत. ग्रामसभेत सरपंचबाई बोलतात की त्यांचे ‘पती’ बोलतात, हे वर्षभर बसून मोजता येतं. २०१७ साली पुणतांब्यातून शेतकरी संपाची हाक गेली, ती बागायती पट्ट्यातून का गेली, कोरडवाहूतून का नाही? शेती महामंडळाच्या जमिनी खंडकऱ्यांना परत मिळाल्या, त्या पुढच्या पिढीत किती राहिल्या? एकेका प्रश्नावर दोन वर्षं सहज जातील.

मला मात्र सध्या घाई वाटते ती एकाच गोष्टीची. उसाच्या फडात तोडणी यंत्रं दिसू लागली आहेत. यंत्र आलं की कोयता जाईल, असं सगळे म्हणतात, जसं ‘गाव बदललं’ म्हणतात तसंच. कोणाचा कोयता आधी जाईल? म्हाताऱ्या जोडप्याचा, की तरुण पोरं शहरात गेलेल्या घराचा? उचल कमी होईल की मुकादम दुसऱ्या कामाला माणसं नेईल? दहा वर्षांनी हे विचारायला कोणी जाईल तेव्हा त्याला आजचा आकडा लागेल आणि तो आज कोणी लिहिला नसेल तर मिळणार नाही.

नव्या शैक्षणिक धोरणानंतर पदव्युत्तर अभ्यासक्रमात संशोधन प्रकल्पाला ठळक जागा मिळाली आहे. प्रकल्प विकत मिळतात, हेही सगळ्यांना ठाऊक आहे. झेरॉक्सच्या दुकानात विचारून बघा. पण यंदा आमच्याकडे दोन मुली आणि एक मुलगा असे तिघं तीन गावांतून प्रत्येकी चाळीस घरांची यादी करत आहेत. घरातून कोण तोडणीला गेलं, कोणत्या कारखान्याला, उचल किती, परत कधी आले, फडात यंत्र होतं का. पाच रकाने. गाडगीळांचा अहवाल पुण्यात गोखले संस्थेच्या धनंजयराव गाडगीळ ग्रंथालयात आहे. त्याची काही पानं आम्ही शब्दकोश घेऊन एकत्र वाचली. चाळीसपैकी एकतीस घरं झाली, उरलेल्यांना अजून कुलूप आहे. ती माणसं पट्टा संपल्यावर परततील, तेव्हा मुलं पुन्हा जातील.